घडी मोडताना

अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात गोळ्यांची घाऊक बाटली हातात घेतलीत तर तिला चिकटवलेली कागदाची एक जाडसर चौकोनी घडी दिसेल. उलगडायला घ्या, उलगडतच राहील. जेवणाच्या टेबलाचा बराचसा भाग व्यापेल. दोन्ही बाजूंनी खचाखच छपाई, अक्षरं इतकी बारीक की चाळिशी ओलांडलेल्यांनी नादाला लागू नये. त्या कागदावरचा मजकूर तयार करणाऱ्यांपैकी मी एक. औषध बनतं गोव्यात, वेर्ण्याला. मजकूर बनतो मुंबईत, आमच्या ऑफिसात. आणि वाचला जातो, जात असलाच तर, ओहायो नाहीतर टेक्ससमध्ये. आमच्या खात्याचं नाव ‘लेबलिंग’. त्यामुळे सासरच्या मंडळींची बरीच वर्षं समजूत होती की मी दिवसभर बाटल्यांवर कागद चिकटवते. मीही फारसं खोडून काढलं नाही; खरं काम समजावून सांगणं जास्त अवघड होतं.

नोकरीला लागले तेव्हा साहेब म्हणाले होते, “कागदाचं फार मनावर घेऊ नकोस, दोन-चार वर्षांत सगळं इलेक्ट्रॉनिक होणार.” साहेब निवृत्त झाले. कागद आहे. इलेक्ट्रॉनिकही आहे. आणि मी दोन्हींच्या मध्ये. तिथे बसून जे उमगलं, ते असं.

१. आपण ज्याच्यासाठी लिहितो, तो वाचक पुष्कळदा तिथे नसतोच. सुरुवातीला माझ्या डोळ्यांसमोर एक अमेरिकन आजी असायची. नाकावर चष्मा, हातात आमची घडी. तिच्यासाठी मी एकेक स्वल्पविराम तपासायची. पुढे कळलं की ती पाचशे-हजार गोळ्यांची बाटली आजीच्या घरी जातच नाही. ती फार्मसिस्टच्या फडताळात राहते. तो त्यातून आजीच्या महिन्याभराच्या गोळ्या मोजून दुसऱ्या छोट्या बाटलीत भरतो आणि घडी बहुधा कचऱ्याच्या डब्यात जाते. आजीला पिशवीबरोबर मिळतो तो दुकानाच्या प्रिंटरमधून निघालेला कागद, आणि तो कोणी सरकारी अधिकाऱ्याने ओळ न् ओळ तपासून मंजूर केलेला नसतो. नैराश्यावरच्या औषधांसारख्या काही औषधांबरोबर रुग्णाला ‘मेडिकेशन गाइड’ द्यावंच लागतं. तेवढा एक कागद खरोखर आजीचा. नियमांकडे नीट पाहिलं असतं तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. मेडिकेशन गाइडची अक्षरं किमान १० पॉइंटची हवीत असं नियम सांगतो, आणि आमच्या घडीला ६ पॉइंट चालतात. सरकारला आजीची नजर ठाऊक होती. आमची घडी तिच्यासाठी आहे असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. मीच आपली मनात आजीला खुर्ची देऊन बसले होते.

२. माझं काम लेखनाचं आहे असं मी म्हणते, पण मी लिहीत नाही, उतरवते. जेनेरिक औषधाचा मजकूर मूळ ब्रँडच्या मजकुरासारखाच असावा लागतो. पेटंटमुळे गाळावा लागणारा एखादा उपयोग, कंपनीचं नाव, गोळीचा रंग असे मोजके फरक सोडले तर शब्दही बदलायची मुभा नाही. शेजारच्याच्या वहीतून गृहपाठ उतरवणाऱ्या मुलासारखी आमची अवस्था, फक्त इथे उतरवलं नाही तर शिक्षा. वाक्य बोजड आहे, कळायला अवघड आहे, दिसतंय; तरी हात लावायचा नाही.

याचा अर्थ किती दूरवर जातो हे मला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी शिकवलं. २००९ साली ‘वायथ विरुद्ध लेव्हाइन’ या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की मूळ ब्रँडच्या कंपनीला धोक्याची सूचना स्वतःहून कडक करता येते, म्हणून पुरेशी सूचना दिली नाही या कारणाने तिच्यावर दावा चालू शकतो. डायना लेव्हाइन ही व्हरमाँटमधली संगीतकार; मळमळीवरचं इंजेक्शन चुकून धमनीत गेलं, गँगरीन झालं आणि तिला हात गमवावा लागला. दोनच वर्षांनी, २०११ साली, ‘प्लिव्हा विरुद्ध मेन्सिंग’मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की जेनेरिक कंपनीवर असा दावा चालणार नाही, कारण तिला मजकूर स्वतःहून बदलायचा अधिकारच नाही. म्हणजे तेच रसायन, तीच अपाय करण्याची ताकद, पण फार्मसिस्टने कोणती बाटली उघडली यावर दाद मागायचा हक्क ठरणार. तो निकाल वाचला त्या दिवशी आमच्या खात्यात हायसं वाटल्याची कुजबुज होती. मला मात्र आपण फारच सुरक्षित जागी उभे आहोत याची थोडी लाज वाटली.

आता हे इलेक्ट्रॉनिकच्या गोष्टीत कुठे बसतं? बसतं. कारण उतरवणाऱ्याची खरी परीक्षा वेगाची असते. मूळ वहीत बदल झाला की आमच्या वहीत तो किती दिवसांत येतो, एवढंच काय ते आमच्या हातात.

३. छापलेला कागद जितका ठाम दिसतो तितका तो ताजा नसतो. हे कळायला एकदा पॅकिंग हॉलमध्ये उभं राहावं लागतं. मजकूर मंजूर झाला की आर्टवर्क, मग छापखान्याचा प्रूफ, मग पातळ कागदावर छपाई, मग घडीच्या यंत्रातून उभ्या-आडव्या घड्या. प्रत्येक कागदाच्या कडेला काळ्या रेघांचा छोटा फार्माकोड असतो. लाइनवरचा कॅमेरा तो वाचतो आणि भलत्या औषधाचा कागद आला तर बाहेर फेकतो. तयार कागद नोटांसारखे कुलपात. किती आत नेले, किती लागले, किती फाटले, किती उरले, याचा हिशेब. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी भारावून गेले होते. एवढी शिस्त! मग पॅकिंगच्या साहेबांनी सहज विचारलं, “मॅडम, माल न्हावा शेवाहून निघाल्यावर तुमची नवीन वॉर्निंग आली, तर काय करायचं?” उत्तर असं की फार काही करता येत नाही. नवा कागद पुढच्या मालात जातो. बोटीवरचा, गोदामातला, ओहायोतल्या फडताळावरचा माल आपला जुना कागद घेऊन मुदत संपेपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षंसुद्धा, उभा राहतो. त्यातली एकही घडी हिशेबात चुकीची नसते. फक्त ती काल काय माहीत होतं ते सांगत असते.

इलेक्ट्रॉनिकच्या बाजूने कुणी मला एकच मुद्दा मांडायला सांगितला तर मी हाच मांडेन. झाडं वाचतील वगैरे नंतर.

४. कागदाचा फोटो काढला म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक होत नाही. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २००३ मध्ये नियम केला की मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करायचा. जून २००४ पासून तो लागू झाला. तेव्हा पीडीएफ चालायची, आणि सगळ्यांना वाटलं, संपलं काम. २००५च्या ऑक्टोबरअखेरीपासून मात्र ‘स्ट्रक्चर्ड प्रॉडक्ट लेबलिंग’ नावाचा साचा सक्तीचा झाला. एक्सएमएल फाइल, तिच्यात प्रत्येक विभागाला ठरलेला कोड. चौकटीतल्या धोक्याच्या सूचनेला ३४०६६-१, औषध कशावर याला ३४०६७-९, कुणाला देऊ नये याला ३४०७०-३. बँकेचा पिन मी दोनदा विसरले आहे, हे आकडे मात्र झोपेतही सांगेन. अशा फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘डेलीमेड’ या संकेतस्थळावर जातात. आज तिथे लाखाहून अधिक लेबलं आहेत आणि मुंबईत बसून कुणीही ती फुकट वाचू शकतो.

हे काम सुरू झालं तेव्हा मला ते कारकुनी वाटलं होतं. मजकूर तोच, फक्त कप्प्यांत भरायचा. पण कप्प्यांत भरताना लक्षात यायला लागलं की कागदावर निम्मा अर्थ मांडणीत असतो. ‘वर सांगितलेल्या रुग्णांमध्ये डोस कमी करावा.’ कागदावर डोळा आपोआप वर जातो. हाच विभाग कुणी पडद्यावर एकटा उघडला तर? वर काहीच नाही. तक्त्याचंही तसंच. मूत्रपिंडाचं काम किती टक्के चालतंय त्याप्रमाणे डोस, असा तक्ता कागदावर एका नजरेत कळतो. फोनवर त्याचा उजवा रकाना पडद्याबाहेर जातो, आणि नेमका तोच रकाना डोसचा असतो. २००६ सालापासून अमेरिकेत लेबलची रचनाच बदलली: सुरुवातीला अर्ध्या पानाचे ठळक मुद्दे, मग अनुक्रमणिका, मग क्रमांक दिलेले विभाग आणि जागोजागी ‘पाहा ५.१’ अशा खुणा. मला तो निव्वळ टापटिपीचा सोस वाटायचा. पुढे त्या खुणांच्या लिंक झाल्या तेव्हा पटलं, ज्यांनी हे ठरवलं त्यांना कागदावर बसूनच पडदा दिसत होता.

आणि या फाइलीचा पहिला वाचक माणूस नसतोच. तो एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम असतो, कुठल्यातरी इस्पितळातला किंवा औषधांची माहिती विकणाऱ्या कंपनीचा. त्याला गर्भितार्थ कळत नाही, ठळक अक्षरांची भीती वाटत नाही. आमच्याकडे पूर्वी दोघं समोरासमोर बसून प्रूफ वाचायचे. एक मोठ्याने वाचणार, “कंस सुरू, ५ मिलिग्रॅम, स्वल्पविराम, कंस पूर्ण,” दुसरा बोट फिरवत जाणार. बाहेरून कुणी पाहिलं तर वाटावं पारायण चाललंय. आता तुलना सॉफ्टवेअर करतं आणि फरक लाल रंगात दाखवतं. ते अचूक आहे, यात वाद नाही. पण मोठ्याने वाचताना कधीतरी वाचणारा थांबायचा आणि म्हणायचा, “हे वाक्य कळतं का गं कुणाला?” ते थांबणं सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या रंगात दाखवायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

५. स्वार्थी माणसाचा मुद्दा बरोबर असू शकतो. मजकूर २००५ पासून इलेक्ट्रॉनिक आहे, मग बाटलीवरची घडी अजून का? इतिहास थोडक्यात असा. २०१२च्या कायद्याने अमेरिकेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाला, म्हणजे जीएओला, हा प्रश्न अभ्यासायला सांगितलं. २०१३च्या अहवालात त्यांनी नोंदवलं की फायद्या-तोट्यांबद्दल संबंधितांचं एकमत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एफडीएने प्रस्ताव मांडला: डॉक्टर-फार्मसिस्टसाठीची घडी बंद, मजकूर संकेतस्थळावर, आणि इंटरनेट नसेल त्याच्यासाठी फुकट फोन नंबर. रुग्णांचे कागद मात्र कागदच राहणार होते. त्यावर अमेरिकी काँग्रेसने खर्चाच्या विधेयकांतच तरतूद घातली की हा नियम पक्का करण्यावर एक पैसाही खर्च करायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नियम नामंजूर झाला नाही. त्याला फक्त तेल-मीठ मिळेनासं झालं.

घड्या छापणाऱ्या कंपन्यांची यात मोठी खटपट होती, आणि आम्ही ऑफिसात त्यावर भरपूर हसलो. छापखान्याच्या पोटासाठी जगाला कागदाला जुंपायचं! मग एका रिकाम्या दुपारी मी त्यांचे मुद्दे सविस्तर वाचून काढले. ग्रामीण भागातलं इंटरनेट, वादळात जाणारी वीज, कॉम्प्युटर बंद पडला तर गर्दीच्या वेळी खोळंबलेला फार्मसिस्ट, म्हातारी माणसं. जीएओच्या अहवालातही याच काळज्या होत्या, आणि जीएओचा कुठे छापखाना नाही. मी एरवी माणसाचा हेतू पाहून मुद्दा निकालात काढणारी. इथे ते जमेना.

६. आणि कागदही काही अमर नाही. माझ्या मामांचं चिपळुणात मेडिकल आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वीज गेली, फोन गेले. कागदवाल्यांचं म्हणणं अगदी शब्दशः खरं ठरलं. मामांशी बोलणं झालं तेव्हा मी मोठ्या जाणकारीने म्हटलं, “मामा, अशा वेळी छापील माहितीचाच आधार.” मामा म्हणाले, “अगं, दुकानात छातीएवढं पाणी होतं. औषधंच गेली, तुझे कागद कुठे घेऊन बसलीस?”

७. सगळ्यांसाठी एकच उत्तर शोधायचं सोडलं तर हा प्रश्न बराच सोपा होतो. हे जपानने करून दाखवलं. तिथे १ ऑगस्ट २०२१ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या खोक्यात कागद न घालणं हाच नियम झाला. कंपन्यांना जुळवून घ्यायला दोन वर्षं दिली. खोक्यावरचा जीएस१ बारकोड फोनवरच्या अॅपने वाचला की त्या औषधाचा चालू मजकूर उघडतो. पण सर्दी-पडशाची जी औषधं माणूस स्वतः दुकानातून उचलून नेतो, त्यांच्या खोक्यात कागद तसाच ठेवला. कारण साधं आहे. पहिला कागद डॉक्टर आणि फार्मसिस्टसाठी होता, दुसरा घरच्यांसाठी. म्हणजे माझी ती आजी. जपानने आधी आजीला बाजूला घेऊन विचारलं, तुझं काय ते सांग, आणि मग बाकीच्यांचा कागद काढला.

युरोप सावकाश चाललाय, पण त्याची चाल मला आवडते. बेल्जियम आणि लक्झेंबर्गने २०१८ पासून फक्त इस्पितळात वापरायच्या काही औषधांपुरता कागद काढून पाहिला. तिथे सलाइनमधून औषध घेणारा रुग्ण खोकं उघडून माहितीपत्रक वाचत नसतोच. जुलै २०२३ पासून वर्षभर युरोपीय औषध संस्थेने डेन्मार्क, नेदरलँड्स, स्पेन आणि स्वीडनबरोबर इलेक्ट्रॉनिक माहितीपत्रकांचा प्रयोग केला. पण युरोपकडून मला शिकायला मिळालं ते कागदाच्याच काळातलं. तिथे रुग्णाचं माहितीपत्रक खऱ्या माणसांना वाचायला देऊन तपासावं लागतं. प्रश्न विचारायचे: गोळी घ्यायची राहिली तर काय करायचं, हे कुठे लिहिलंय? शंभरातल्या नव्वदांना ते सापडलं पाहिजे, आणि सापडलेल्यांतल्या नव्वद टक्क्यांना कळलं पाहिजे. खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमध्ये उठवलेलं असतं, तेही कायद्याने. इतकी वर्षं मी मजकूर अचूक आहे की नाही एवढंच तपासत आले. तो कुणाला सापडतो का, हे तपासायची गोष्ट आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

८. आपल्याकडे जे कधी पोचलंच नाही, त्याच्या जाण्याची चर्चा करायची कशी? हा मुद्दा सगळ्यांत उशिरा सुचला, कारण मी अमेरिकेच्या आजीची काळजी वाहण्यात गुंतले होते. पूर सरल्यावर, दुकान पुन्हा उभं राहिल्यावर, मी मामांच्या काउंटरमागे स्टुलावर बसून होते. एक बाई आल्या, चिठ्ठी दिली. मामांनी दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून कात्रीने सहा कापल्या, कागदी पाकिटात घातल्या, वर पेनने लिहिलं: १-०-१. “जेवल्यावर,” म्हणाले. बाई गेल्या. सगळं मिळून एक मिनिट.

दहा स्ट्रिपच्या खोक्यात माहितीपत्रक होतं. एक. ते खोक्याबरोबर मामांच्या कपाटात राहिलं. असतंच तर इंग्रजीत, कारण आपली १९४५ची औषध नियमावली ते इंग्रजीतच मागते. कापलेल्या स्ट्रिपवर औषधाचं अर्धं नाव आलं. मुदतीची तारीख मामांच्या हातातल्या चार गोळ्यांकडे राहिली. बाईंच्या घरी गेलं ते लेबल म्हणजे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ते मला झटकन वाचता आलं, बाईंनाही आलं. माझ्या आयुष्यभराच्या कामात इतकं नेमकं मी काही लिहिलेलं नाही. पण त्यात हेही नाही की बाईंनी त्याबरोबर दुसरं कुठलं औषध घेऊ नये, पोटात असताना चालतं की नाही, अंगावर पुरळ आलं तर थांबायचं की नाही. ते सगळं मामांच्या डोक्यात होतं, आणि बाईंच्या मागे अजून चार माणसं उभी होती.

मग मामांनी मोठ्या कौतुकाने एका खोक्यावरचा क्यूआर कोड दाखवला. “हे बघ, आमच्याकडेही आलं तुझं इलेक्ट्रॉनिक.” आलंय खरं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडना बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला; डोलो, कॅलपॉल, अॅलेग्रा अशी घराघरातली नावं त्यात आहेत. मी फोन काढला, स्कॅन केला. औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत, परवाना क्रमांक. नियम मागतो ते सगळं होतं. गोळी कशी घ्यायची, कुणी घेऊ नये, याचं एक अक्षर नव्हतं, कारण नियम ते मागतच नाही. हा कोड औषध खरं आहे का एवढंच सांगतो.

मी तोंड वाकडं केलं असावं. मामा म्हणाले, “खरं आहे की खोटं, हे कळणं कमी आहे का? जे.जे. विसरलीस?” मी तेव्हा लहान होते, पण नाव कानावर होतं. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधल्या विषारी भेसळीने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने सगळी साखळी उघडी केली. अमेरिकेचीही कहाणी तिथूनच सुरू होते म्हणा. १९३७ साली तेच रसायन, डायएथिलीन ग्लायकॉल, सल्फा औषधाच्या एलिक्झिरमध्ये वापरलं गेलं, शंभराहून जास्त माणसं गेली आणि १९३८चा कायदा आला. बाटलीत काय आहे याची खात्री झाल्यावरच बाटलीवर काय लिहिलंय याला अर्थ. आपण पहिल्या पायरीवर आहोत म्हणून मी नाक मुरडत होते, आणि मामा त्या पायरीवर रोज उभे असतात. तरीही मला वाटतं की त्याच कोडमागे मराठीत, हिंदीत, तामिळमध्ये चार ओळी ठेवायला जागा आहे. पडद्याला कागदाची टंचाई नसते. इथे पोचवायचा तो पहिलाच मजकूर असेल, कुणाच्या हातून काही काढून घेतलं जाणार नाही. मामांना हे पटलं. फक्त ते म्हणाले, “चारच ओळी हं. तुझ्यासारखं नको.”

९. पडद्यावरचा मजकूर गुपचूप बदलतो. आणि आपल्यालाही बघतो. कागद एकदा छापला की तो कोर्टातही तोच असतो. पडद्यावर काल रात्री एक वाक्य बदललं असेल तर सकाळी औषध लिहिणाऱ्या डॉक्टरने कुठलं वाचलं? अमेरिकेच्या फाइलीत प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो आणि डेलीमेडवर जुन्या आवृत्त्याही पाहता येतात, म्हणून निभावतं. क्यूआर कोड कंपनीच्या आपल्या संकेतस्थळावर नेत असेल तर शेजारी जाहिरात यायला कितीसा वेळ लागणार? युरोपने म्हणूनच कोडमागे प्रचाराचा मजकूर चालणार नाही असं आधीच बजावलंय. घडी उलगडताना आपल्याला कुणी पाहत नसे. मूळव्याधीचं औषध असो की मनाच्या आजाराचं. हा कागदाचा गुण होता, असं मला तो जाऊ लागल्यावर वाटायला लागलं.

१०. जागा अमर्याद झाली तेव्हाच सगळे एक पान मागायला लागले. मे २०२३ मध्ये एफडीएने नवा प्रस्ताव मांडला: घरी औषध घेणाऱ्या रुग्णाला एका पानाचा, सगळ्या औषधांसाठी एकाच ठरावीक रचनेचा कागद. मजकूर कंपनीने लिहायचा, एफडीएने मंजूर करायचा, तो एका मध्यवर्ती ऑनलाइन साठ्यात राहणार आणि तिथून फार्मसिस्ट तो रुग्णाला देणार. म्हणजे साठवण इलेक्ट्रॉनिक आणि हातात पान. मला हे वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी आजीला खुर्ची मिळण्याची शक्यता तरी निर्माण झाली.

आम्ही खात्यात सहज गंमत म्हणून आमच्याच एका औषधाचं एक पान करून पाहायला बसलो. रक्तदाबाची गोळी, काही अवघड नाही. माझ्या हातात लाल पेन. दुष्परिणामांची यादी कागदावर भलीमोठी होती. डॉक्टर सहकारी म्हणाले, क्वचित होणारे काढा. कायदेखात्यातला मुलगा म्हणाला, क्वचित होणारेच ठेवा, दावे त्यांच्यावरच होतात. नव्याने लागलेली मुलगी म्हणाली, “माझ्या आजोबांना हीच गोळी आहे. त्यांना उठताना चक्कर येते, एवढंच मोठ्या अक्षरांत लिहा ना.” मग चक्कर किती मोठ्या अक्षरांत, यावर वाद. बाकीचं काय गाळायचं, यावर त्याहून मोठा. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. पान अजून दीड आहे, आणि माझं मत असं आहे की मूत्रपिंडाचा तो तक्ता काढता कामा नये.